थंड वायू, तप्त इलेक्ट्रॉन : आर्गॉनच्या झोतातून थेट वीज

यंत्रवेध (धागाकर्ता)

औष्णिक केंद्रात उष्णतेपासून वीज मिळते ती बऱ्याच लांबच्या वाटेने: कोळशाच्या उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनच्या दंडाला जोडलेले जनित्र आणि जनित्राच्या वेटोळ्यांत अखेर विद्युतप्रवाह. या वाटेवरचा फिरणारा भाग सगळाच वगळून विद्युतवाहक झालेला वायू चुंबकक्षेत्रातून वेगाने नेला, तर वायूचा प्रवाह आणि चुंबकक्षेत्र या दोहोंना लंब अशा दिशेत विद्युतदाब निर्माण होतो आणि वाहिनीच्या भिंतींतील इलेक्ट्रोडांवरून एकदिश प्रवाह थेट घेता येतो. हे एमएचडी, म्हणजे मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक जनित्र. तत्त्व फॅरडे यांचेच आहे, फक्त तांब्याच्या तारेची जागा वायूने घेतली आहे.

ही जागा घेणे मात्र वायूला सोपे जात नाही. तांब्याची विद्युतवाहकता मीटरमागे सुमारे ५.८ कोटी सीमेन्स असते, तर एमएचडी वाहिनीतील वायूची जेमतेम काही दहा सीमेन्स असते. तरीही वीज भरपूर मिळू शकते, कारण वायूचा वेग प्रचंड असतो आणि मिळणारी शक्ती वेगाच्या व चुंबकक्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाहकता २५ सीमेन्स प्रतिमीटर, वेग सेकंदाला १००० मीटर आणि क्षेत्र ४ टेस्ला धरले, आणि भाराकडील विद्युतदाब खुल्या मंडलातील दाबाच्या ८० टक्के ठेवला, तर वाहिनीच्या प्रत्येक घनमीटरमागे ६४ मेगावॉट हा आकडा येतो.

ज्वलनातून निघालेले वायूच वाहिनीतून नेऊन बाहेर सोडणाऱ्या खुल्या चक्राविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला येथे आर्गॉन किंवा हेलियमसारखा राजवायू पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या बंद चक्राविषयी लिहायचे आहे, कारण एमएचडीतील सर्वांत सुंदर कल्पना तेथे आहे असे माझे मत आहे.

अडचण अशी की आर्गॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १५.७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचे ऊर्जेचे एकक) लागतात, आणि २००० केल्विन तापमानाला कणाची औष्णिक ऊर्जा ०.१७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. त्या तापमानाला शुद्ध आर्गॉन जवळपास पूर्ण विसंवाहक असतो. म्हणून त्यात सीझियम या धातूची बाष्पे अगदी थोड्या प्रमाणात, दहा हजार अणूंमागे एक ते काही, अशी मिसळतात. सीझियमचे आयनीभवन, म्हणजे त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे, ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्टला होते. पण एवढ्यानेही काम भागत नाही, कारण वायू वेगवान करायचा तर तो नॉझलमधून प्रसरण पावला पाहिजे आणि प्रसरणात तो थंड होतो. आर्गॉन एकाण्वीय असल्यामुळे तर फारच लवकर थंड होतो. २००० केल्विनचा आर्गॉन स्वतःतील ध्वनीच्या दुप्पट वेगाला पोचला की त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०९० मीटर होतो, पण तापमान ८६० केल्विनच्या खाली येते. त्या तापमानाला सीझियमही आयनीभूत राहत नाही.

यातून सुटण्याचा मार्ग १९६० च्या दशकात सापडला आणि त्याच्या सिद्धान्ताला एमआयटीतील जॅक केरब्रॉक यांनी पाया दिला. वाहिनीतून विद्युतप्रवाह वाहू लागला की त्याची उष्णता प्रथम इलेक्ट्रॉनांना मिळते. इलेक्ट्रॉन ती अणूंना देऊ पाहतो, पण आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३ हजार पट जड आहे. अशा एका लवचीक टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरी सुमारे छत्तीस हजारांवा भागच गमावतो. आर्गॉनचा अणू एकटा असल्याने त्याला रेणूसारखे फिरणे नाही आणि कंपन नाही, म्हणजे ऊर्जा शोषून घेण्याची दुसरी सोय नाही. परिणामी एकाच वायूत दोन तापमाने नांदतात: अणू ८०० ते १००० केल्विनला आणि इलेक्ट्रॉन ४००० ते ५००० केल्विनला. आयनीभवन इलेक्ट्रॉनांच्या तापमानाने ठरते, भिंतीला मात्र अणूंचे तापमान सोसावे लागते.

त्यात निसर्गाने आर्गॉनला आणखी एक देणगी दिली आहे. सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला आर्गॉनचा अणू जवळजवळ पारदर्शक असतो. हा रामसॉअर यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी नोंदवलेला परिणाम आहे, आणि ४००० केल्विनचे इलेक्ट्रॉन नेमके त्याच टापूत येतात. या विषयात रस असलेल्यांनी आपले प्रश्न आणि आक्षेप येथे अवश्य मांडावेत.

सौदामिनी

लेख आवडला. माझा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. गतिमान विद्युतभारावर चुंबकक्षेत्राचे बल गतीला नेहमी लंब असते, म्हणून ते कार्य करीत नाही, असे आपण बारावीला शिकतो. मग येथे वीज नक्की कशाच्या ऊर्जेतून निर्माण होते? समाजमाध्यमांवर ‘चुंबकातून मोफत वीज’ अशा चित्रफिती फिरत असतात, त्यामुळे हा मुद्दा स्पष्ट होणे मला गरजेचे वाटते.

यंत्रवेध

सौदामिनीताई, प्रश्न योग्य आहे. ऊर्जा सर्वस्वी वायूची असते आणि चुंबक केवळ मध्यस्थ असतो. इलेक्ट्रोडांमधून प्रवाह वाहू लागताच त्या प्रवाहावर चुंबकक्षेत्राचे जे बल येते ते वायूच्या गतीच्या विरुद्ध दिशेला असते. वायूला हा ब्रेक लागतो, आणि तो रेटून पुढे जाण्यासाठी वायूचा दाब व त्याची उष्णता खर्च होते. टर्बाइनचे पाते वायूला जसे अडवते तसेच हे अडवणे आहे, फक्त येथे पाते डोळ्यांना दिसत नाही आणि ते वितळत नाही. भार तोडला की प्रवाह थांबतो, बल नाहीसे होते आणि वायू अडथळ्यावाचून निघून जातो. वाहिनीतून बाहेर पडणाऱ्या वायूची एकूण ऊर्जा आत येणाऱ्या वायूपेक्षा जेवढी कमी झाली तेवढीच वीज व भिंतीत गेलेली उष्णता मिळून असते. वायूच्या उष्णतेचा किती हिस्सा विजेत आला, या मापावरच अशा जनित्रांची तुलना केली जाते.

ओतकाम

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात आर्गॉन वेल्डिंगवर देखरेख करतो. आमच्याकडे साध्या आर्गॉनमध्ये सीझियमवाचून झगझगीत चाप पेटतो आणि शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. मग एमएचडीत आर्गॉनला वाहक करणे एवढे अवघड का मानावे? दुसरे निरीक्षण असे की होजमधून किंचित हवा शिरली तरी चापाचे वागणे बदलते आणि जोड काळा पडतो. अशुद्धतेचा असाच त्रास तेथेही होत असेल का?

यंत्रवेध

आपली दोन्ही निरीक्षणे विषयाच्या गाभ्याला भिडणारी आहेत. वेल्डिंगच्या चापात आर्गॉनचे तापमान १० हजार केल्विनच्या वर जाते आणि तेथे तो स्वतःच आयनीभूत होतो, पण ते तापमान टिकवण्याचा खर्च आपले वेल्डिंग यंत्र विजेने भरत असते. जनित्राला वीज द्यायची असते, त्यामुळे त्याला हा खर्च परवडणारा नसतो. १९५९ मध्ये अमेरिकेतील ॲव्हको एव्हरेट प्रयोगशाळेत रिचर्ड रोझा यांनी एमएचडी वाहिनीतून प्रथमच १० किलोवॉटहून अधिक शक्ती मिळवली, तेव्हा त्यांनीही आर्गॉन विद्युतचापानेच तापवला होता. वाहिनी चालते हे दाखवण्यासाठी तो मार्ग पुरेसा होता. वीजकेंद्रात मात्र ती उष्णता इंधनातून किंवा अणुभट्टीतून यावी लागते.

अशुद्धतेचा त्रास तर आपल्या कामापेक्षाही अधिक होतो. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड किंवा पाण्याची वाफ यांचे रेणू फिरतात आणि कंप पावतात, म्हणून एका टकरीत ते इलेक्ट्रॉनची कितीतरी जास्त ऊर्जा हिरावून घेतात. दशलक्षात काही शे भाग एवढी अशुद्धताही इलेक्ट्रॉनांचे तापमान खाली ओढायला पुरते, आणि ते तापमान घसरले की आयनीभवन घातांकी वेगाने कोसळते. शिवाय सीझियम पाण्याशी व ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावते. ते २८.५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ते बंद कुपीत द्रवरूपातच असते, आणि हवेचा स्पर्श झाला की पेट घेते.

कणगणित

मी प्लाझ्माच्या, म्हणजे आयनीभूत वायूच्या, गणितावर काम केले आहे, म्हणून धाग्यात राहून गेलेला एक मुद्दा जोडतो. दोन तापमानांची कल्पना कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती वाहिनीत राहत नाही, आणि याचे कारण सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी वेलिखोव्ह यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते. वाहिनीत एखाद्या ठिकाणी इलेक्ट्रॉनांची घनता योगायोगाने थोडी वाढली असे समजा. चुंबकक्षेत्र प्रबळ असेल तर तेथील प्रवाहाची घनता अशा रीतीने बदलते की त्या जागी जास्त उष्णता निर्माण होते. त्यामुळे इलेक्ट्रॉन अधिक तापतात, आणखी सीझियम आयनीभूत होते आणि घनता आणखी वाढते. शेजारची जागा त्याच वेळी उपाशी राहते. क्षणार्धात सारा प्लाझ्मा वाहक आणि अवाहक अशा पट्ट्यांत विभागला जातो.

हे केव्हा घडते ते हॉल परिमाणावर अवलंबून असते. दोन टकरींच्या मधल्या काळात इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्राभोवती किती वळतो याचे ते माप आहे. अंशतः आयनीभूत सीझियममध्ये ते १ ते २ च्या पुढे गेले की अस्थिरता सुरू होते, आणि चांगल्या जनित्राला तर ते त्याहून बरेच मोठे हवे असते. पट्ट्या पडल्या की परिणामी वाहकता आणि परिणामी हॉल परिमाण दोन्ही घटतात. १९६० च्या दशकात अनेक प्रयोगशाळांतील बंद चक्राचे प्रयोग अपेक्षेपेक्षा फार कमी वीज देऊ लागले, याचे मोठे कारण हेच होते.

यावरचा उपाय मला एमएचडीच्या इतिहासातील सर्वांत चतुर उपाय वाटतो. अस्थिरता वाढते ती तापमान वाढले की इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते म्हणून. सीझियम अगदी मोजके घातले आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान असे राखले की सगळे सीझियम आयनीभूत होऊन जाईल पण आर्गॉनला अद्याप धक्का लागणार नाही, तर तापमान थोडे वरखाली झाले तरी इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतच नाही, कारण द्यायला सीझियमकडे काही उरलेले नसते. दुष्टचक्र तेथेच तुटते. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने या स्थितीत चकतीच्या आकाराची जनित्रे चालवून दाखवली आणि त्यांच्या आघातनलिकेवरील (आघात तरंगाने वायू क्षणभर तापवणाऱ्या नळीवरील) प्रयोगांत वायूच्या उष्णतेपैकी सुमारे ३० टक्के भाग थेट विजेत आला.

चकतीविषयीही थोडे सांगतो. वायू मध्यातून आत येऊन त्रिज्येच्या दिशेने चहूकडे पसरतो आणि चुंबकक्षेत्र चकतीला लंब असते. प्रवर्तित प्रवाह वर्तुळाकार वाहून स्वतःवरच बंद होतो, त्यामुळे त्याला इलेक्ट्रोड लागत नाहीत. वीज घ्यायची ती हॉल विद्युतदाबातून, म्हणजे चुंबकक्षेत्रामुळे या प्रवाहाला आडवा, त्रिज्येच्या दिशेने उमटणाऱ्या दाबातून. सरळ वाहिनीत इलेक्ट्रोडांच्या शेकडो जोड्या एकमेकींपासून विलग ठेवाव्या लागतात, चकतीत वर्तुळाकार इलेक्ट्रोडांची एखादी जोडी पुरते आणि चुंबकही साध्या गोल वेटोळ्यांचा चालतो.

तिरुचीकर

भारतातील कामाचा उल्लेख येथे व्हायला हवा. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि भेल यांनी सोव्हिएत संघाच्या उच्च तापमान संस्थेच्या सहकार्याने तिरुचिरापल्ली येथे ५ मेगावॉट औष्णिक क्षमतेचे प्रायोगिक एमएचडी संयंत्र उभारले होते. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या काही ज्येष्ठांकडून मी लहानपणी त्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत आणि म्हणूनच हा धागा पाहून मन भरून आले. मात्र ते संयंत्र खुल्या चक्राचे होते: कोळशापासून मिळणारा वायू जाळायचा आणि त्यात पोटॅशियमचे क्षार मिसळायचे. मॉस्कोतील यू-२५ हे १९७१ मध्ये सुरू झालेले मोठे संयंत्रही खुल्या चक्राचेच होते आणि त्याने २० मेगावॉटपर्यंत मजल मारली. शीतयुद्ध चालू असतानाही १९७७ मध्ये अमेरिकेच्या अर्गॉन (Argonne) नावाच्या प्रयोगशाळेने बनवलेला सुमारे ४० टनांचा अतिवाहक चुंबक विमानाने मॉस्कोला नेऊन त्याच्या शेजारच्या वाहिनीवर बसवण्यात आला होता. माझा प्रश्न असा की एवढ्या मोठ्या यंत्रांनी खुले चक्र निवडले, राजवायूचे का नाही?

यंत्रवेध

तिरुचीकर, आपण दिलेल्या माहितीसाठी आभार. उत्तर उष्णतेच्या उगमात आहे. खुल्या चक्रात ज्वाळाच वाहिनीतून जाते, त्यामुळे २५०० केल्विनहून अधिक तापमान जळणातून सरळ मिळते. बंद चक्रात ज्वाळा एकीकडे आणि आर्गॉन दुसरीकडे असतो, आणि मधल्या कोणत्या तरी वस्तूने उष्णता इकडून तिकडे न्यावी लागते. २००० केल्विनला धातूच्या नळ्या टिकत नाहीत. म्हणून पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या स्टोव्हसारखी सोय करावी लागते: ॲल्युमिनाच्या गोळ्यांनी किंवा विटांनी भरलेला मनोरा आधी ज्वाळेने तापवायचा, मग ज्वाळा बंद करून त्यातून आर्गॉन सोडायचा, आणि तोवर दुसरा मनोरा तापत ठेवायचा. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाचे आणि टोकियोचे फुजी-१ हे संच याच रीतीने तापवलेल्या आर्गॉनवर काही काळ चालणारे होते.

आता ओतकाम यांनी मांडलेला अशुद्धतेचा मुद्दा येथे परत येतो. विटांच्या सच्छिद्र पृष्ठभागात ज्वलनाचे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ अडकून राहते. म्हणून प्रत्येक फेरीत मनोरा निर्वात करून धुवावा लागतो, तरीही काही अंश राहतोच, आणि तो थेट इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर घाला घालतो. माझ्या मते बंद चक्राची खरी लढाई वाहिनीत नसून या मनोऱ्यात आहे. वाहिनीचे भौतिकशास्त्र टोकियोच्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी सोडवले, पण शुद्ध आणि अखंड अशी २००० केल्विनची उष्णता पुरवणारे साधन कोणी व्यापारी स्तरावर उभे केले नाही.

मोजमाप

मला येथे स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. आजच्या वायू टर्बाइनची पाती आतून थंड करण्याचे तंत्र इतके पुढे गेले आहे की १६०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा वायू त्यांवर सोडता येतो. जर्मनीतील इर्शिंग केंद्राने २०११ मध्ये संयुक्त चक्रात (वायू टर्बाइनच्या टाकाऊ उष्णतेवर वाफेचे टर्बाइनही चालवणाऱ्या रचनेत) ६० टक्के कार्यक्षमतेचा टप्पा ओलांडला आणि २०१६ मध्ये फ्रान्सच्या बुशां येथे ६२.२२ टक्के कार्यक्षमतेची नोंद झाली. एमएचडीचे समर्थक ज्या ५० ते ६० टक्क्यांचे स्वप्न १९६० पासून दाखवत होते, ते टर्बाइनने प्रत्यक्षात आणून दिले. मग अतिवाहक चुंबक, सीझियम आणि तप्त मनोरे यांचा खटाटोप जमिनीवरच्या वीजकेंद्रासाठी कशाला करावा? अमेरिकेने आपला कोळशाचा एमएचडी कार्यक्रम १९९३ च्या सुमारास थांबवला, तो मला योग्यच निर्णय वाटतो.

यंत्रवेध

जमिनीवरच्या नैसर्गिक वायूच्या केंद्रांपुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण उष्णतेचा उगम अणुभट्टी असेल तर गणित बदलते, कारण तेथे ज्वलनवायूच नसतात आणि मनोरा धुण्याचा प्रश्नच मिटतो. अडसर तापमानाचा आहे: जपानच्या ओआराई येथील उच्च तापमान अणुभट्टीने २००४ मध्ये हेलियम ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, आणि तेवढे तापमान एमएचडीला अजून कमी पडते. शिवाय अणुभट्टीत आर्गॉन नेणे इष्ट नाही, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याचे सुमारे पावणेदोन तास अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी आर्गॉन-४१ मध्ये रूपांतर होते. हेलियमचा अणू मात्र आर्गॉनच्या एक दशांश वजनाचा आहे, म्हणून प्रत्येक टकरीत तो इलेक्ट्रॉनची दहापट ऊर्जा नेतो आणि रामसॉअर परिणामाचा लाभही देत नाही.

अवकाशयानासाठी मात्र मी आशावादी आहे. तेथे टाकाऊ उष्णता केवळ उत्सर्जनाने बाहेर टाकता येते, आणि उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून चक्राचे थंड टोकही जितके तप्त ठेवता येईल तितका उत्सर्जक लहान व हलका होतो. त्यासाठी तप्त टोक टर्बाइनच्या पात्यांना झेपणार नाही इतके वर न्यावे लागते. नासाच्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर अशा चक्राचा अभ्यास केला असून त्यात सीझियम पूर्णपणे वगळून हेलियम आणि झेनॉन यांचे मिश्रण सुचवले आहे. १२.१३ इलेक्ट्रॉन व्होल्टला आयनीभूत होणारा झेनॉन वाहिनीच्या तोंडाशीच बाहेरच्या ऊर्जेने थोडासा आयनीभूत करून ठेवायचा, अशी ती रचना आहे. स्फोटक धातूची बाष्पे, त्यांची गाळणी आणि ती थंड टोकाला परत गोळा करण्याची कटकट त्यामुळे एकदम नाहीशी होते.

मोजमाप

अवकाशाचा मुद्दा मला पटतो. माझा आक्षेप मी जमिनीवरील केंद्रांपुरता मर्यादित करतो.

नवशिक्षित

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे तत्त्व महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल असा सुरक्षित प्रयोग कोणी सुचवेल का? सीझियम आणि आर्गॉन आमच्या आवाक्यातले नाहीत, हे मला समजते.

यंत्रवेध

सीझियमच्या वाटेला जाऊच नका. वायूच्या जागी मिठाचे पाणी घ्या. ५ सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची आयताकृती वाहिनी, तिच्या खालीवर निओडिमियम चुंबक आणि दोन्ही बाजूंना ग्राफाइटचे इलेक्ट्रोड बसवा. क्षेत्र ०.३ टेस्ला आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर विद्युतदाब १५ मिलिव्होल्ट यायला हवा.

या मापनात एक फसगत ठरलेली आहे. दोन इलेक्ट्रोडांच्या पृष्ठभागांत किंवा पाण्याच्या तापमानात थोडा जरी फरक असला तरी तेवढ्याच मोठेपणाचा विद्युतदाब प्रवाहावाचूनही दिसतो. फॅरडे यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकून टेम्सच्या पाण्यात धातूचे पत्रे सोडले होते, आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहणाऱ्या नदीचा विद्युतदाब शोधताना त्यांनाही याच गोष्टीने हैराण केले होते. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा एक सोय जास्त आहे, ती म्हणजे आपण नदी उलटी वाहवू शकतो. पंपाची दिशा बदलून दुसरे मापन घ्या आणि दोन्ही वाचनांच्या फरकाचे निम्मे करा. इलेक्ट्रोडांचा दोष दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. नंतर चुंबक काढून तेच पुन्हा करा, तेव्हा तो फरक शून्यापाशी आला पाहिजे. आपली वाचने येथे जरूर टाका, आपण सगळे मिळून ती पडताळून पाहू.